डावे कुणाच्या डावीकडे?

डेन्मार्कमध्ये ‘व्हेन्स्ट्र’ नावाचा जुना, मोठा पक्ष आहे. डॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ सरळसरळ ‘डावा’ असा होतो. कर कमी असावेत, धंद्यात सरकारने लुडबुड करू नये, खासगी मालमत्तेला हात लावू नये, अशी या पक्षाची मतं आहेत. डेन्मार्कमधलं शेंबडं पोरही त्याला उजवा पक्ष म्हणूनच ओळखतं. त्याचं निवडणुकीतलं अक्षर ‘व्ही’. कोपनहेगनहून सामुद्रधुनीवरचा पूल ओलांडून स्वीडनमधल्या माल्म्योला गेलं, की तिथेही ‘व्ही’ अक्षराचा पक्ष भेटतो. त्याच्याही नावाचा अर्थ डावा पक्ष असाच आहे. फरक इतकाच की तो खरोखरच डावा आहे, आणि १९९० पर्यंत त्याच्या नावात ‘कम्युनिस्ट’ हा शब्दही होता. पुलाच्या दोन टोकांना एकच शब्द आणि अर्थ मात्र एकमेकांच्या उलट. डॅनिश लोकांना यात काही गंमत आहे असं वाटत नाही. ‘डावा गट’ म्हणायचं असेल तर ते ‘व्हेन्स्ट्रफ्लॉय’, म्हणजे डावी बाजू, असा निराळा शब्द वापरतात, आणि व्हेन्स्ट्र पक्ष त्या डाव्या बाजूत मोडत नाही.

या गोंधळाचं मूळ सगळ्यांना शाळेपासून माहीत असतं: फ्रेंच राज्यक्रांती, सभागृह, राजाच्या बाजूचे उजवीकडे, विरोधातले डावीकडे. पण पाठ्यपुस्तकातल्या या एका ओळीत बरंच काही गाळलं जातं. ५ मे १७८९ रोजी व्हर्सायला जुनी त्रिवर्ग सभा भरली, तेव्हा सोळाव्या लुईच्या उजव्या हाताला धर्मगुरू होते आणि डाव्या हाताला सरदार-उमराव. सामान्य माणसांचा तिसरा वर्ग समोर, लांब, टोकाला. म्हणजे पहिल्या दिवशी डावीकडे बसलेली मंडळी उमराव होती! उन्हाळ्यात तिन्ही वर्ग एका सभेत मिसळले, बसण्याची शिस्त मोडली. मग ऑगस्टअखेर एक वाद पेटला: सभेने केलेला कायदा राजाला कायमचा रोखता यावा का? नकाराधिकार पूर्ण असावा म्हणणारे हळूहळू अध्यक्षांच्या उजवीकडे जमू लागले, तो नसावा किंवा तात्पुरता असावा म्हणणारे डावीकडे. बॅरन द गोव्हिल नावाच्या उमरावाने आठवणींत लिहून ठेवलंय की आपण उजवीकडे सरकलो ते पलीकडच्या आरडाओरड्याला आणि शिवराळपणाला कंटाळून. ११ सप्टेंबरला मतदान झालं. तात्पुरत्या नकाराधिकाराला ६७३ मतं मिळाली, पूर्ण नकाराधिकाराला ३२५.

या वादात मजुरी, भांडवल, बाजार, सरकारी कारखाने यांतलं काहीही नव्हतं. आज डावं-उजवं म्हटल्यावर जे जे डोळ्यांपुढे येतं, त्यातलं जवळजवळ काहीच त्या सभागृहात नव्हतं. एका माणसाच्या एका अधिकाराचा प्रश्न होता, आणि त्यावर कोण कुठे बसलं त्याची नोंद झाली. पुढे हाच शब्द निरनिराळ्या देशांत गेला तसा निरनिराळ्या भांडणांना चिकटत गेला. पक्षाचं नाव ज्या दिवशी पडतं त्या दिवशीच्या भांडणाचं असतं. भांडण पुढे सरकतं, नाव तिथेच राहतं.

क्रांतीच्या काळातच दुसरी एक वाटणी प्रचलित झाली होती, तीही बसण्याच्या जागेवरूनच. वरच्या बाकांवर बसणारे जहाल ते ‘डोंगर’, खाली बसणारे ते ‘मैदान’, आणि खालच्यांना हिणवायचं असेल तर ‘दलदल’. ही उभी वाटणी टिकली असती तर मराठीत आज आपण अमका नेता डोंगरी विचारांचा आहे असं म्हणत असतो. ती जहालांचा पुढारी रोबेस्पियर याच्याबरोबर गेली. १८१५ नंतर राजेशाही परत आली, तिच्याबरोबर सभागृह आलं, आणि आडवी वाटणी पुन्हा वर आली ती कायमची.

आता शब्दांकडे. मराठीतला ‘उजवा’ संस्कृत ‘ऋजु’पासून आला, प्राकृतात त्याचं ‘उज्जु’ झालं. ऋजु म्हणजे सरळ. उजवा हात म्हणजे सरळ चालणारा हात. फ्रेंचमधला ‘द्र्वा’ तसाच: सरळ, उजवा, शिवाय कायदा आणि हक्कही. ‘डावा’ला असं संस्कृत कूळ नाही, तो देशी आहे. प्राकृतात ‘डव्व’, गुजरातीत ‘डाबो’. आणि मराठीने या देशी शब्दाला कशी वागणूक दिली ते पाहण्यासारखं आहे. कुणाला टाळून पुढे जाणं म्हणजे ‘डावलणं’. दोन मुलींत धाकटी ‘उजवी’. निवड करताना ‘डावं-उजवं’ करायचं. भरवशाचा माणूस ‘उजवा हात’. फ्रेंच ‘गोश’ म्हणजे डावा आणि गबाळाही, लॅटिन ‘सिनिस्टर’ इंग्रजीत जाऊन अशुभच झाला.

पण अशुभ गोष्टीला गोड नाव देण्याची रीतही सगळीकडे आहे. स्कँडिनेव्हियन भाषांतला ‘व्हेन्स्ट्र’ जुन्या ‘मित्र’ या अर्थाच्या शब्दाशी जोडला जातो. डावी बाजू म्हणजे ‘अधिक स्नेहाची’ बाजू. ग्रीकांनी डाव्याला ‘अधिक चांगला’ म्हटलं. संस्कृतात ‘वाम’ म्हणजे डावा आणि ‘वाम’ म्हणजे सुंदर, आणि यामागेही हीच रीत असावी असं पुष्कळ अभ्यासक मानतात. हिंदी-बंगालीने राजकारणासाठी हाच ‘वाम’ उचलला: वामपंथी, बामफ्रंट. मराठीने तो घेतला नाही, कदाचित आपल्याकडे ‘वाममार्ग’ हा शब्द फारच बदनाम आहे म्हणून. मला मराठीचा साधा ‘डावे’ आवडतो. त्यात पंथ नाही.

याहून मजेदार ‘सव्य’. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ डावा. अर्जुन सव्यसाची, कारण तो डाव्या हातानेही बाण सोडतो. जानवं डाव्या खांद्यावर असलं की सव्य, पितृकार्यात उजव्या खांद्यावर घेतलं की अपसव्य. रोजची, रीतसर स्थिती सव्य ठरल्यामुळे हळूहळू सव्य म्हणजेच उजवा असा समज होत गेला, आणि कोशांना दोन्ही अर्थ द्यावे लागले. मराठीने या भानगडीतून हात काढून घेतला आणि ‘सव्यापसव्य’ म्हणजे नुसती यातायात असं ठरवून टाकलं. राजकीय पक्षांचे डावे-उजवे लावू पाहणाऱ्याला हा शब्द फार उपयोगी आहे.

आता पुन्हा डेन्मार्क, कारण त्याच्यासारखं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. १८४९ मध्ये तिथे राजाची अनियंत्रित सत्ता गेली, राज्यघटना आली. १८६६ मध्ये ती दुरुस्त झाली आणि वरिष्ठ सभागृह बड्या जमीनदारांच्या ताब्यात गेलं. त्यांच्या विरोधात शेतकऱ्यांचे गट १८७० मध्ये एकत्र आले आणि ‘संयुक्त डावे’ या नावाने उभे राहिले. कनिष्ठ सभागृहात त्यांचं बहुमत झालं. पण राजा मंत्री नेमायचा ते ‘हॉयर’चे, म्हणजे उजव्यांचे. एस्ट्रुप नावाचा जमीनदार १८७५ ते १८९४ पंतप्रधान राहिला. १८८५ पासून तर त्याने सभागृहाची संमती नसताना तात्पुरत्या वटहुकमांवर अंदाजपत्रकं चालवली. बहुमत ज्याचं त्याचं सरकार, एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला १९०१ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी व्हेन्स्ट्रचं पहिलं मंत्रिमंडळ आलं.

हे शेतकरी कोण होते? कुळं राहिली नव्हती, स्वतःच्या जमिनीचे मालक झाले होते. १८८२ पासून त्यांनी गावोगावी सहकारी दूधसंस्था काढल्या. लोणी आणि डुकराचं मांस इंग्लंडला विकायचं म्हणून त्यांना खुला व्यापार हवा होता. कर कमी हवे होते, कारण करांवर पोसलेली नोकरशाही आणि कोपनहेगनची तटबंदी त्यांच्या काही उपयोगाची नव्हती. राजा आणि जमीनदार समोर असताना या मागण्या डाव्या होत्या. मग शहरांत कारखाने वाढले, कामगार संघटित झाले, १८८४ मध्ये समाजवादी लोकशाहीवाद्यांचे पहिले दोन प्रतिनिधी सभागृहात आले आणि त्यांची संख्या वाढतच गेली. त्यांना सरकार मोठं हवं होतं, कर जास्त हवे होते. शेतकरी मात्र तेच म्हणत राहिला: कर कमी, व्यापार खुला, माझी जमीन माझी. वाक्य एकच, पण १८८० मध्ये ते डावं होतं आणि १९२० मध्ये उजवं झालं. १९०५ मध्ये पक्षातून फुटलेल्यांनी ‘रॅडिकल डावे’ असं नाव घेतलं; ते आज साधारण मधोमध आहेत. जुन्या उजव्यांनी मात्र पहिल्या महायुद्धाच्या काळात आपलं नाव बदलून ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ करून घेतलं. उजवे उजवं नाव टाकून गेले आणि डावे डाव्या नावासकट उजवीकडे आले.

नॉर्वेने दोन्ही नावं जपून ठेवली आहेत. तिथे ‘व्हेन्स्ट्रे’ आणि ‘होयरे’ दोन्ही पक्ष १८८४ मध्ये जन्मले, त्याच राजा विरुद्ध संसद भांडणात. २०१३ मध्ये होयरेच्या एर्ना सोल्बर्ग पंतप्रधान झाल्या. २०१८ च्या जानेवारीत व्हेन्स्ट्रे त्यांच्या मंत्रिमंडळात सामील झाला. ‘डावे’ ‘उजव्यांच्या’ सरकारात गेले आणि नॉर्वेत कुणी भुवईही उंचावली नाही. स्वीडनमध्ये उजव्या पक्षाने १९६९ मध्ये ‘उजवा’ हे नाव टाकून ‘मॉडरेट’ म्हणवून घेतलं.

उजवं नाव नको, ही खोड फ्रान्समध्ये सर्वांत आधी दिसली. तिसऱ्या प्रजासत्ताकात ‘उजवा’ म्हटलं की राजेशाहीचा आणि चर्चचा वास यायचा, त्यामुळे मध्याच्या उजवीकडे बसणारे लोकही आपल्या गटाला ‘डावे प्रजासत्ताकवादी’ म्हणवत. शिवाय डाव्या टोकाला नवीन मंडळी येतच होती. आधी प्रजासत्ताकवादी, मग रॅडिकल, १९०५ मध्ये एकसंध समाजवादी पक्ष, १९२० मध्ये कम्युनिस्ट. मुंबई लोकलमध्ये चौथा माणूस बाकाच्या कडेला टेकला की आधीचे तिघे खिडकीकडे सरकतात, तसे जुने डावे दर पिढीला थोडे उजवीकडे सरकत गेले, तिकीट मात्र जुन्याच ठिकाणचं. समीक्षक अल्बेर तिबोदे याने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला या सरकण्याला नाव दिलं, ‘सिनिस्त्रिस्म’.

हॉलंडमध्ये तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धाच्या शेवटापर्यंत भांडणच निराळं होतं: धर्म राजकारणात असावा की नसावा, धार्मिक शाळांना सरकारी पैसा द्यावा की नाही. आब्राहम काइपरचे प्रोटेस्टंट आणि त्यांच्या जोडीचे कॅथलिक मिळून ‘उजवे’, बाकीचे ‘डावे’. कारखानदाराचा उदारमतवादी पक्ष डावा, कॅथलिक कामगारांचा पुढारी उजवा! पैशाच्या प्रश्नावर नावं पुन्हा लावायची वेळ आली तेव्हा हे सगळं उलटंपालटं झालं. आणि १९८९-९० च्या मॉस्कोत खासगी बाजार आणा म्हणणाऱ्या येल्त्सिनच्या बाजूचे ‘डावे’ ठरले, तर जुने कट्टर कम्युनिस्ट ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’. सत्तेत कोण आणि बदल कुणाला हवा, एवढ्यावर हिशेब.

मराठीत डावे-उजवे येण्याआधी आपल्याकडे जहाल-मवाळ होते, आणि एका रेषेवर माणसं बसवण्याचा प्रयत्न किती फसतो हे त्या जोडीनेच दाखवून दिलं होतं. टिळक सरकारशी वागताना जहाल. पण १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी कडाडून विरोध केला. गोखले मवाळ, आणि समाजसुधारणेत टिळकांच्या कितीतरी पुढे. आगरकर तर ‘सुधारक’ काढून घरच्याच परंपरेवर तुटून पडले. यांतला डावा कोण, हे फ्रेंच खुर्च्यांवरून ठरवायला बसलं तर सव्यापसव्य करावं लागेल.

असाच दुसरा गुंता ‘उदार’ या शब्दाचा. गोखले-रानड्यांच्या परंपरेला आपण उदारमतवादी म्हणतो आणि हल्ली हा शब्द अमेरिकी ‘लिबरल’च्या जोडीने डावीकडे झुकलाय. १९९१ चं ‘उदारीकरण’ मात्र बाजाराचं, म्हणजे उजवीकडचं. मूळ एक, प्रत्यय बदलला की बाजू बदलली. ऑस्ट्रेलियात मेन्झिस यांनी १९४४ मध्ये काढलेला ‘लिबरल’ पक्ष कामगार पक्षाचा कायमचा प्रतिस्पर्धी, म्हणजे तिथला उजवा. मराठी बातमीत त्याचं ‘उदारमतवादी पक्ष’ असं भाषांतर वाचणाऱ्याला काय वाटत असेल?

आपल्या मातीत या शब्दांनी जी करामत केली ती डेन्मार्कपेक्षा कमी नाही. १९६४ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्ष फुटला. मार्क्सवादी म्हणवून बाहेर पडले त्यांना वर्तमानपत्रं ‘डावे कम्युनिस्ट’ म्हणू लागली आणि जुन्या पक्षात राहिले ते ‘उजवे कम्युनिस्ट’. या उजव्या कम्युनिस्टांचे अध्यक्ष श्रीपाद अमृत डांगे. मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी, १९५७ मध्ये मुंबईतून लोकसभेवर गेलेले, त्यांना ‘उजवे’ म्हणायचं! बी. टी. रणदिवे दुसरीकडे गेले, ते डावे. तीन वर्षांत नक्षलबारी झाली, १९६९ मध्ये मार्क्सवादी-लेनिनवादी पक्ष निघाला, आणि डाव्यांच्याही डावीकडे माणसं बसली. आणीबाणीत ‘उजवे’ कम्युनिस्ट इंदिरा गांधींच्या बाजूने राहिले. ‘डावे’ विरोधात गेले आणि त्यांच्याबरोबर त्याच विरोधी बाजूला जनसंघही होता.

लोकसभेत बसण्याची रीत फ्रेंच नाही, ब्रिटिश आहे. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सरकार, डाव्या हाताला विरोधक, मग विचार कुठलाही असो. त्यामुळे १९९६ मध्ये देवेगौडा सरकारात कम्युनिस्ट पक्षाचे इंद्रजित गुप्त गृहमंत्री झाले ते उजवीकडच्या बाकांवर बसले, आणि वाजपेयी डावीकडे. २००४ ते २००९ या काळात ज्यांच्या हातावरून ही डावी-उजवी ठरायची ते अध्यक्ष सोमनाथ चटर्जी मार्क्सवादी पक्षातून आलेले. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्र विधिमंडळात विशेष जनसुरक्षा विधेयक आलं, तेव्हा चर्चेत ‘कडवी डावी विचारसरणी’ हा शब्दप्रयोग सतत होता आणि त्याची व्याख्या काय, असा प्रश्न विरोधकांनी विचारला. प्रश्न राजकारणाचा होताच. पण शब्दकोशाचाही होता.

उजवं नाव टाळण्याची फ्रेंच खोड आपल्याला आणि पोर्तुगालला एकाच सुमाराला लागली. पोर्तुगालमध्ये १९७४ मध्ये हुकूमशाही कोसळल्यावर स्वतःला उजवा म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. सा कार्नेरो यांनी काढलेल्या मध्य-उजव्या पक्षाने १९७६ मध्ये ‘सोशल डेमोक्रॅटिक’ हे नाव घेतलं आणि त्याच्याही उजवीकडच्या पक्षाच्या नावात ‘केंद्र’ हा शब्द होता. म्हणून २०१५ मध्ये मूळ मडगावच्या घराण्यातले अंतोनियो कोस्ता, घरचे ‘बाबुश’, पंतप्रधान झाले तेव्हा गोव्यातल्या वाचकाला बातमी दोनदा वाचावी लागली असेल: समाजवादी कोस्तांनी सोशल डेमोक्रॅटांना हटवलं. जर्मनीच्या हिशेबाने, म्हणजे सोशल डेमोक्रॅट हेच डावे धरून, वाचलं तर अर्थच लागत नाही. कोस्तांनी कम्युनिस्ट आणि डावी आघाडी यांचा पाठिंबा घेतला, त्या जुळणीला विरोधकांनी ‘जेरिंगोन्सा’ म्हणजे खटारा म्हणून हिणवलं. खटारा पूर्ण मुदत चालला.

पोर्तुगालची नवी घटना १९७६ ची. तिच्या प्रास्ताविकात समाजवादी समाजाकडे वाट काढण्याची भाषा आहे. त्याच वर्षी बेचाळिसाव्या दुरुस्तीने आपल्या उद्देशिकेत ‘समाजवादी’ हा शब्द आला. १९८० मध्ये नव्या भारतीय जनता पक्षाने मुंबईच्या अधिवेशनात ‘गांधीवादी समाजवाद’ स्वीकारला. आणि १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्यात २९अ हे कलम आलं: नोंदणी करू पाहणाऱ्या प्रत्येक पक्षाने घटनेवर आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा असल्याचं आपल्या घटनेत लिहिलं पाहिजे. थोडक्यात, कागदोपत्री भारतात उजवा पक्ष नोंदवताच येत नाही.

ही अडचण खऱ्या अर्थाने खुपली ती बाजारवादाला प्रामाणिक असलेल्यांना. मिनू मसानी १९३०च्या दशकात नाशिकच्या तुरुंगात काँग्रेस समाजवादी पक्षाची जुळवाजुळव करणाऱ्यांत होते; १९५९ मध्ये तेच राजाजींबरोबर खासगी उद्योगाचा कैवार घेणाऱ्या स्वतंत्र पक्षाच्या उभारणीत होते. आणि शरद जोशी. शेतकरी संघटना म्हटली की आंदोलन, रस्ता रोको, तुरुंग, आणि त्यामुळे ती डावीच असणार, असं महाराष्ट्रातल्या पुष्कळांनी धरून ठेवलं होतं. पण जोशी म्हणत होते ते डॅनिश शेतकऱ्याचंच: निर्यातबंदी उठवा, लेव्ही बंद करा, बाजार खुला करा, सरकारने मधून बाजूला व्हावं. डावे मित्र हैराण झाले. जोशींना जे म्हणायचं होतं ते खुलेपणाने म्हणण्यासाठी १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. राज्यसभेत असताना कलम २९अ मधून समाजवादाची अट काढण्यासाठी त्यांनी खासगी विधेयकही आणलं. ते मंजूर झालं नाही. अट अजून कायम आहे, आणि उद्या शेअर दलालांनी मिळून पक्ष काढायचं ठरवलं तरी निवडणूक आयोगाकडच्या अर्जाबरोबर समाजवादावरची निष्ठा त्यांना लिहून द्यावीच लागेल.